ट्रकची खांदशेकणी

श्रावण सरत आला की मी तूप कढवायला घेते. तसं घरात तूप वर्षभर होतंच, पण पोळ्याच्या आदल्या दिवशीचं तूप वेगळं. लोणी विरघळतं, वर पांढरा फेस धरतो, मग पातेल्यात तडतड सुरू होते आणि ती थांबता थांबता तो वास सुटतो. या वासावर इतर बायका गॅस बंद करतात. मी आधी अंगणात जाऊन चाकं हुंगून येते. दारात ट्रॅक्टर असेल तर ट्रॅक्टरची, पाहुण्यांची जीप असेल तर जीपची, काहीच नसलं तर मुलाच्या मोटरसायकलची. चाकाच्या मध्यापाशी वाकायचं, नाक न्यायचं, धूळ आणि रबर एवढाच वास आला की समाधानानं परत यायचं. तोवर तूप बहुतेक वेळा लागलेलं असतं.

माझ्या सुनेनं लग्नानंतरच्या पहिल्या पोळ्याला हे पाहिलं आणि ती काही बोलली नाही. पण माहेरी सांगितलं असणारच. तिच्या जागी मी असते तर मीही सांगितलं असतं. एवढी चांगली बातमी कोण वाया घालवतं?

यामागची हकिगत मी घरात इतक्यांदा सांगितली आहे की ती आता माझी एकटीची राहिलेली नाही. तेव्हा जन्मलेलीही नसलेली माझी मुलं मला मधेच थांबवून दुरुस्त्या सुचवतात. धाकटा म्हणतो, मागच्या वेळी तू दुसरंच चाक सांगितलं होतंस. तसं झालंही असेल. माझं बोलणं आमच्या त्या जुन्या ट्रकसारखंच आहे, मंगरूळपीरला म्हणून निघतं आणि रिठदला पोचतं. रिठद माझं माहेर, तेव्हा ते एका अर्थी ठीकच. पण चाक पुढचं डावंच होतं. त्या चाकापायी मी चोर ठरले होते, त्यामुळे त्याबाबतीत माझी चूक व्हायची नाही.

लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा बहात्तरचा दुष्काळ नुकताच मागे पडला होता. स्थळ घेऊन आलेल्या माझ्या मामांनी मुलाचं शिक्षण, शेत, स्वभाव हे सगळं एका दमात उरकलं आणि मग आवाज खाली आणून सांगितलं, दारात ट्रक आहे. माझ्या डोळ्यांपुढे लाल-हिरवी वेलबुट्टी, काचेवर झिरमिळ्या, असा एक झगझगीत ट्रक उभा राहिला. प्रत्यक्षात दारात उभा होता तो ट्रक वयानं माझ्यापेक्षा मोठा वाटत होता. लांब नाक, एक दिवा किंचित बाहेर पाहणारा, आणि बॉनेट उघडं पडू नये म्हणून बांधलेली सुती दोरी. वरातीत मी त्याच्याच केबिनमध्ये बसून आले. तेव्हा तो चालवत होते तुळशीरामभाऊ, आणि पूर्ण वाटेत ते माझ्याकडे किंवा नवरदेवाकडे न पाहता मान एका बाजूला कलती करून बसले होते. मला वाटलं, मानेला काही दुखणं असेल. नंतर कळलं, ते गाडीचा आवाज ऐकत होते. ती त्यांची गाडी चालवायची रीतच होती.

तुळशीरामभाऊ किन्हीराजाचे. त्यांच्या घरच्यांनी छप्पन साली धम्म घेतलेला. आमच्याकडे ते ट्रकबरोबरच आले असं म्हणायला हरकत नाही, कारण ट्रक आणायला गेलेल्या माझ्या सासऱ्यांना तो चालवता येत नव्हता आणि ज्यांना येत होता त्यांना ते सोडायला तयार नव्हते. भाऊ केबिनमध्ये झोपायचे आणि ओट्यावर जेवायचे. त्यांची जर्मनची ताटली वेगळी होती आणि ती तेच धुवायचे. ही रीत कोणी कधी बोलून दाखवली नव्हती. ताटली मात्र वेगळी होती.

आता मामंजींबद्दल, म्हणजे माझ्या सासऱ्यांबद्दल. त्यांचा उभा जन्म बैलांत गेला. बाजारात बैलाच्या पाठीवरून एकदा हात फिरवून ते त्याचं वय, खोड आणि आधीच्या मालकाचा स्वभाव सांगायचे. ट्रक घेतला तो आमच्या ह्यांच्या हट्टानं, पण एकदा दारात आल्यावर तो मामंजींच्या लेखी गोठ्यातला झाला. सकाळी ट्रक सुरू करायच्या आधी ते बॉनेटवर दोनदा थाप मारायचे. त्याच्याजवळ उभं राहून कोणी मोठ्यानं भांडलेलं त्यांना चालायचं नाही. चढावर ट्रक धापा टाकायला लागला की केबिनमध्ये बसल्या बसल्या ते जिभेनं टकटक आवाज काढायचे, बैलाला काढतात तसा. आणि पोळ्याच्या दिवशी ट्रकला पूर्ण सुटी. तेल, धूप, हार, आणि दिवसभर सावलीत उभं राहणं.

पोळ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडे खांदशेकणी असते. वर्षभर जू वाहून बैलांच्या खांद्यांना घट्टे पडतात. ते गरम पाण्यानं धुवायचे, मग हळद घातलेलं कोमट तूप पळसाच्या पानानं त्या खांद्यांवर चोळायचं. बैल डोळे अर्धे मिटून घेतात. कातडी थरथरते, मग शांत होते. गोठ्यात शेणाचा, ओल्या गवताचा आणि तुपाचा असा एक मिळून वास भरतो. आणि चोळून झालं की बैलाच्या कानाशी वाकून, मानानं, दुसऱ्या दिवशीचं जेवणाचं आवतन द्यायचं.

त्या वर्षी सासूबाईंनी नेहमीप्रमाणे तूप वाटीत काढून दिलं. हात त्यांचा मोजका. मामंजी वाटीकडे पाहत तिथेच घोटाळले. मग म्हणाले, जरा आणखी लागेल, गाड्यासाठी.

"बैलाले खांदा असते," सासूबाई म्हणाल्या. "गाड्याले कुठून आला?"

मामंजींनी वाद घातला नाही. बैलांचं आटोपलं, आणि वाटीच्या तळाशी उरलेलं तूप पानावर घेऊन ते ट्रककडे गेले. बॉनेटवर एक बोट, बंपरवर एक बोट. मग लांब नाकापाशी वाकून, आम्ही सगळे पाहत असताना, पूर्ण गांभीर्यानं म्हणाले, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

मी पदर तोंडावर घेतला. आमचे हे उगाच टायर तपासू लागले. तुळशीरामभाऊ केबिनच्या पायरीवर बसले होते, ते तेवढे म्हणाले, "काकाजी, हा पुरनपोयी खात नाही. डिझेल पेते."

"तुह्याहून समजदार हाय थो," मामंजी म्हणाले.

एवढंच आम्ही पाहिलं. पुढचं कोणी पाहिलं नाही.

पोळा झाला. आणि मग एके दिवशी सासूबाईंनी तुपाची बरणी उतरवली, झाकण काढलं, आत पाहिलं, झाकण लावलं आणि माझ्याकडे पाहिलं. बरणी निम्मी झाली होती. त्या काही म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या असत्या तर बरं झालं असतं. पोळ्याच्या आसपास माझा भाऊ रिठदहून येऊन गेला होता आणि जाताना त्याच्या हातात पिशवी होती. पिशवीत त्याचे धुतलेले कपडे होते, पण पिशवीला तोंड असतं, खिडकी नसते. त्यानंतर बरणी शिंकाळ्यावरून सासूबाईंच्या पेटीत गेली. माझ्या भाकरीवर तूप वाढताना त्यांचा चमचा जरा वरच थांबू लागला. मी रडले वगैरे नाही. मी खरोखरच तूप चोरून खाल्लं असतं तर निदान अंगी तरी लागलं असतं, असा विचार मात्र बरेचदा केला.

त्याच सुमारास ट्रक एका संध्याकाळी आमच्या भागातल्या मालेगावकडून परत आला आणि मी चुलीकडे धावले. वास येत होता, स्वच्छ, तूप कढल्याचा. चुलीवर वरणाखेरीज काही नव्हतं. बाहेर आले तर तुळशीरामभाऊ नाक वर करून उभे.

"वयनी, तूप कढवून राह्यल्या काय?"

मी म्हटलं, माझ्यापाशी नका बोलू तुपाचं. वास तुमच्या गाडीकडूनच येतो आहे.

ते म्हणाले, उतारावर ब्रेक दाबला तेव्हाही आला होता. वाटलं, रस्त्यात कोणाचं लग्नघर असेल. आम्ही दोघं ट्रकच्या पुढे उभं राहून थोडा वेळ हुंगलं. सासूबाई दारातून हे पाहत होत्या. काय समजल्या असतील ते देवाला माहीत. मग वारा फिरला, वास गेला, आणि आम्ही आपापल्या कामाला लागलो. आज वाटतं, दुखणं काय ते तिथेच कळलं होतं, फक्त आम्ही ते नाकात ठेवलं, डोक्यात नेलं नाही.

पुढे महालक्ष्म्या झाल्या, मूग घरात आला, आणि ट्रक कण्हू लागला. आधी हळू, मग मलासुद्धा ऐकू येईल असा. खड्ड्याचा खडखडाट नव्हे. आतल्या आत, जात्यात खडा सापडावा तसा. आता कापसाचे दिवस तोंडावर होते, आणि ट्रक कण्हतो म्हणजे मामंजींना जेवण जाईना. त्यांनी मनाशी शोध लावून टाकला. पावसात तुळशीरामनं ट्रक भरल्या नाल्यातून घातला होता, हे त्यांना कोणीतरी सांगितलं होतं. चाकाच्या मध्यात, हबमध्ये, पाणी गेलं, चाकाची वाट लागली. हे त्यांनी ओट्यावर, चार लोकांदेखत, तुळशीरामभाऊंना ऐकू जाईल असं सांगितलं. आणि शेवटी म्हणाले, "चाक नीट कर. मंग चावी खुंटीले लाव."

बैलाचा खांदा फोडणाऱ्या गड्याला ते दारात उभं करत नसत. आणि मंगरूळपीरच्या स्टँडवर ट्रक थोडे, ड्रायव्हर पुष्कळ. अमक्यानं मालकाचं चाक खाल्लं, एवढी गोष्ट फिरली की त्या माणसाला दुसरं स्टेअरिंग मिळायचं नाही. घरी बायको, म्हातारी आई, दोन मुली. हे सगळं आमच्या ह्यांनी मला आत येऊन सांगितलं, बापाला सांगायची हिंमत नसल्यामुळे.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊंनी ट्रक अंगणात सपाट जागी घेतला, मागच्या चाकांना दगड लावले आणि पुढचं डावं चाक जॅकवर उचललं. मामंजी खाट ओढून समोरच बसले, पंचासारखे. मी आणि सासूबाई ओसरीवर मूग निवडत होतो, म्हणजे हातात सूप होतं.

भाऊंनी आधी सांगितलं ते असं, की गाडी उजवीकडे फिरवली का कण्हते, डावीकडे फिरवली का गप्प बसते. उजव्या वळणाला भार डाव्या चाकावर येतो, म्हणजे दुखणं डावीकडे. मग त्यांनी चाकाला वर एक आणि खाली एक असा हात घालून हलवलं. खट्, खट्. चाक आपल्या जागी डुलत होतं. पण एवढ्यावर त्यांचं समाधान नव्हतं. चाक बेअरिंगनं डुलतं तसं ते ज्या खुंट्यावर वळतं तो झिजला तरी डुलतं. त्यांनी ह्यांना केबिनमध्ये बसवलं आणि ब्रेक दाबून धरायला सांगितला. परत हलवलं. चाक गप्प. ब्रेक सोडायला लावला. खट्, खट्. ब्रेक दाबला की हब आणि एक्सल एकमेकांना धरून राहतात, तेव्हा हालणं थांबलं तर ढिलाई बेअरिंगचीच. मग चाक हातानं गरगर फिरवून दुसरा हात त्यांनी स्प्रिंगच्या कमानपाट्यावर ठेवला आणि डोळे मिटले. मामंजी पुढे वाकले. बैलाच्या छातीवर हात ठेवून ते स्वतः असेच डोळे मिटायचे.

"खरखर हाय," भाऊ म्हणाले. "खोलाच लागते."

चाक उतरलं. हबच्या मधली लोखंडी टोपी ठोकून काढली, पिन ओढली, मोठा नट फिरवला, आणि छोटं बाहेरचं बेअरिंग त्यांच्या तळहातावर आलं. मग हब ओढून आतलं मोठं. त्यांनी माझ्याकडे जुनी परात आणि घासलेट मागितलं. मी नेऊन दिलं आणि तिथेच रेंगाळले. त्यांनी बेअरिंग घासलेटात बुडवून ब्रशनं धुतलं, आणि परातीत जे उतरलं ते काळं नव्हतं. ग्रीसच्या काळ्या ढगातून पिवळ्या रेघा सुटत होत्या. रोलरांवर निळी झाक चढली होती, आणि देवीचे वण असतात तसे बारीक खड्डे. बाहेरच्या कड्याच्या कडेला पिवळा साका बसला होता.

भाऊंनी तो नखानं काढला. बोटं नाकाशी नेली. मग मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्याकडे. त्या संध्याकाळचा तो वास आम्हा दोघांच्याही नाकात एकदमच परत आला असावा.

मामंजी खाटेवरून म्हणाले, "काय गा, निघाला नाल्याचा गंज?"

अंगणात तोवर शेजारचे दोघं-तिघं येऊन उभे होते. भाऊंनी फक्त बोट वर करून दाखवलं असतं तरी पुरे होतं. त्यांनी बोट परत घासलेटात बुडवलं, फडक्याला पुसलं आणि म्हणाले, "नाल्यातून नेली हे खरं हाय, काकाजी. बेरिंगही जुनंच होतं. झिजते."

म्हणजे त्यांनी ते स्वतःवर घेतलं. मला आजही कळत नाही, की एवढं मोठं काम माणूस इतक्या बारक्या आवाजात कसं करतो.

पण सासूबाईंना परात दिसत होती. परात त्यांची होती, माहेरची. तिला काय झालं ते पाहायला त्या सूप ठेवून खाली उतरल्या, वाकल्या, एक बोट बुडवलं, अंगठ्यावर चोळलं, हुंगलं. आणि ज्या स्वरात त्या भाजीत मीठ कमी आहे म्हणायच्या त्याच स्वरात म्हणाल्या, "हे तं माह्यं तूप हाय."

त्यांनी बोट परत परातीत फिरवलं.

"हयद बी हाय," सासूबाई म्हणाल्या, आणि सावकाश मामंजींकडे वळल्या.

मामंजी खाटेवर होते तसेच बसून राहिले. घोटाळा त्यांच्या चेहऱ्यावर पायरी पायरीनं उतरताना दिसला. जनावराचा भार खांद्यावर, गाडीचा भार चाकाच्या मध्यावर. मग खांदा कुठला? तो. वाटीतलं तूप पुरलं नाही, म्हणून बरणीतलं. बैलगाडीच्या आखाला आपण तेल-वंगण देतोच की, मग याला घरचं साजूक. त्यांनी टोपी ठोकून उघडली होती, आत हळद-तूप ओतलं होतं, वरून प्रेमानं टोपी ठोकून बसवली होती. ऊन लागलं, ब्रेक तापला, तूप पातळ झालं, आणि जाताना ग्रीसलाही सोबत घेऊन गेलं. कोरड्या लोखंडावर लोखंड फिरत राहिलं.

हे त्यांनी सांगितलं नाही. ते इतकंच म्हणाले, खाली पाहत, "त्या अंगाची टोपी निघाली नाही."

म्हणजे उजव्या चाकाचा जीव गंजानं वाचवला होता.

मग ते उठले, पायात वहाणा घातल्या आणि शेताकडे गेले. जेवायला आले नाहीत. सासूबाई परात घासत बसल्या. दुसऱ्या दिवशी बरणी परत शिंकाळ्यावर दिसली, आणि माझ्या भाकरीवर इतकं तूप पडलं की तेवढ्यात एक चाक बिघडलं असतं.

नवं बेअरिंग अकोल्याला मिळणार होतं. ह्यांनी निघायची तयारी केली तर मामंजी आधीच पहिल्या बसनं गेलेले. जुनं बेअरिंग त्यांनी उपरण्यात गुंडाळून मांडीवर धरून नेलं होतं, असं कंडक्टरकडून नंतर कळलं. संध्याकाळी परतले ते दोन्ही चाकांची बेअरिंगं घेऊन. उजवं तर चांगलं आहे, असं ह्यांनी म्हणताच म्हणाले, जोडीत एक खांदा नवा न एक जुना असं नसतं. ह्यांनी विचारलं, दुकानदारानं विचारलं असेल ना, कशानं झिजलं म्हणून? मामंजी म्हणाले, "इचारलं. म्हटलं, वयानं."

बसवायचं काम सावकाश झालं. बेअरिंगची जुनी कडी ठोकून काढली, नवी बसवली. ब्रेकच्या पट्ट्यांवर तूप उतरलं होतं, त्या धुऊन घासून काढल्या. मग बेअरिंगमध्ये ग्रीस भरायचं. ते वरून चोपडून चालत नाही. तळहातावर गोळा घ्यायचा आणि बेअरिंगची कड त्यावर दाबत दाबत फिरवायची, रोलरांच्या फटीतून दुसऱ्या बाजूनं ते वर येईपर्यंत. भाऊंचे हात हबमध्ये गुंतलेले होते, म्हणून मी हौसेनं पुढे झाले आणि पहिल्याच दाबात नाकाला ग्रीस लावून घेतलं. सासूबाईंनी मला बाजूला केलं, बांगड्या वर सारल्या आणि बसल्या. पुरणाची पोळी भरणारा हात तो. फटीतून सगळीकडून सारख्या बारीक कळ्या वर आल्या. भाऊ पाहत राहिले आणि म्हणाले, काकू, स्टँडवर या, दोन मिस्तरी घरी बसतील.

आणि मग तो नट. आमच्या ह्यांना वाटलं, आता कसून आवळायचा. भाऊंनी तो खरंच कसून आवळला, चाक फिरवत फिरवत, आणि मग परत मागे सोडला, अगदी जरासा, आणि तिथे पिन घातली. घट्ट ठेवला तर तापून जळतं, सैल ठेवला तर खुळखुळून मरतं. यावर मी पुढे आयुष्यभर प्रवचनं दिली आहेत, मुलांना, सुनेला, एकदा तर महिला मंडळात. कोणी ऐकल्याचं आठवत नाही. मी स्वतःही माझा नट बरेचदा कमीजास्तच ठेवत आले.

दुपारी भाऊ मंगरूळपीरला एक फेरी मारून आले. ट्रक अंगणात शिरला तो इतका गप्प की सासूबाईंना चाहूल लागली नाही. भाऊ उतरले. मामंजी चाकापाशी जाऊन उभे राहिले, पण हात पुढे करेनात.

"ठेवा हात," भाऊ म्हणाले.

मामंजींनी हबवर पूर्ण पंजा ठेवला आणि पुष्कळ वेळ ठेवून घेतला. "थंडा हाय," ते म्हणाले.

आणि मग भाऊ ओसरीवर आले, चावी खुंटीला लावली, केबिनमधून आपली वळकटी काढली आणि खांद्यावर टाकली. चाक नीट करून चावी खुंटीला, हे ठरलंच होतं, आणि ठरवणाऱ्यानं ते परत घेतलं नव्हतं. आमचे हे बापाकडे पाहत होते. बाप ट्रककडे पाहत होता. बैलाची चूक झाली तर त्याच्या मानेवर हात फिरवायचा, एवढंच त्यांना येत होतं. माणसाशी चुकलो तर काय करायचं, हे त्यांना कोणी शिकवलं नव्हतं. सासूबाईंचं निवडणं थांबलं होतं. सुपातून एक मूग घरंगळत पायरीवर गेला.

भाऊ फाटकापर्यंत गेले, थांबले, परत आले. वळकटी खाली ठेवली. मामंजींच्या अगदी जवळ गेले, एवढ्या जवळ त्या घरात ते कधी गेले नव्हते. त्यांचे हात अजून ग्रीसनं काळे होते. तो हात त्यांनी मामंजींच्या पांढऱ्या सदऱ्यावर, खांद्यावर ठेवला, हळूच चोळला, आणि कानाशी वाकून म्हणाले,

"काकाजी, आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

मी पदराकडे हात नेला, पण हसू आलं नाही. मामंजी खांद्यावरच्या हाताकडे पाहत राहिले. बैल पाहतो तसेच, डोळे अर्धे मिटून. मग विचारलं, "पोयीवर तूप राहीन काय?"

"थे काकूले इचारा."

"एक थेंब भेटत नाही," सासूबाई म्हणाल्या.

मामंजी वळले, ओसरीवर चढले, खुंटीवरची चावी काढली आणि भाऊंपुढे धरली. "मंग नेशीन कशानं मले? पायी?"

दुसऱ्या दिवशी आम्ही सगळे त्या ट्रकनं किन्हीराजाला गेलो. मामंजी केबिनमध्ये, आम्ही दोघी मागे पोत्यांवर. वाटेत ज्वारी पोटऱ्यात आली होती, कपाशीला पहिली बोंडं धरली होती, आणि प्रत्येक उजव्या वळणाला मी कान देत होते. काही ऐकू आलं नाही. भाऊंच्या घरी शेणानं सारवलेली जमीन होती, भिंतीवर बुद्धाची तसबीर होती, आणि त्यांच्या बायकोनं लाजत लाजत पाट मांडले. आमच्या घरातलं माणूस त्या वस्तीत याआधी कधी जेवलं नव्हतं. मामंजींनी हात धुतले, बसले, आणि पहिला घास घ्यायच्या आधी, घरी बसायचे तसंच, पोळी बोटानं दाबून पाहिली. पोळीवर तूप होतं. सासूबाईंनीच पदराखाली छोट्या गडूत आणलं होतं, थेंब थेंब करत.

गावात नंतर कुजबुज झाली. कोणी मामंजींना विचारलं, तर ते म्हणायचे, "आवतन आलं होतं," आणि पुढचं बोलणं बैलांवर न्यायचे. त्या जर्मनच्या ताटलीची मला पुढे एकदा गरज पडली, कोंबड्यांना पाणी ठेवायला. शोधली तर ती कोंबड्यांपुढेच होती. सासूबाईंनी आधीच ठेवली होती.

सदऱ्यावरचा तो डाग निघाला नाही. चार बोटं, स्पष्ट. सासूबाईंनी सोडा घातला, रिठे घातले, उन्हात टाकला. शेवटी मामंजींनी तो हातातून ओढून घेतला आणि पेटीत ठेवला. पुढे दर खांदशेकणीला ते तोच घालून गोठ्यात जात आणि बैलांचं झालं की सायकलवर किन्हीराजाची वाट धरत, आवतन द्यायला. ट्रक भंगारात गेला, मामंजी गेले, सासूबाई गेल्या, गोठा रिकामा झाला. आवतन तेवढं राहिलं आहे. एक वर्ष आम्ही जातो, एक वर्ष ते येतात.

यंदा त्यांची पाळी होती. तुळशीरामभाऊ पोळ्याच्या आदल्या दिवशीच, सकाळच्या बसनं आले, आता काठी लागते. अंगणात खाटेवर बसले, मान अजून एका बाजूला कलती. आत पातेल्यात तडतड थांबत आली, वास सुटला, आणि मी हातातला चमचा तसाच घेऊन ट्रॅक्टरपाशी जाऊन वाकले. सून दारात उभी होती. भाऊंनी खाटेवरूनच हात लांब करून चाकाच्या मध्यावर पंजा टेकवला, जरा वेळ ठेवला, आणि म्हणाले,

"वयनी, चाक थंडं हाय. तूप पाहा."